कुणाची कॉन्फरन्स कठीण

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. पूजा साडेदहाला ठरली होती, ती नवऱ्याने, म्हणजे श्रीरामने, परस्पर नऊवर आणली, कारण बाराला कुठलीशी मॅच. मी म्हटलं, “देवाला तरी विचारलंस का?” तर म्हणे, “देवाला दिवसभर वेळ आहे, किकऑफला नाही.”

आरतीच्या मध्येच यतीनचा व्हिडिओ कॉल. आमच्या लेकीने, आन्याने, फोन मोदकांच्या डब्याला टेकवून ठेवला आणि जॉर्जियातल्या अल्फारेटाहून यतीन आमच्या आरतीला टाळ्या वाजवत उभा राहिला. मंत्रपुष्पांजली संपून मिनिट झालं नसेल.

“काय रे फुटीर, सोवळ्यात आहेस का?” श्रीराम.

“आम्ही बारा महिने सोवळ्यात. तुमच्यासारखे सोप्या गटात लोळत नाही.”

झालं. पुढे दीड तास तेच. मी या देशात अठरा वर्षं आहे, पण हे मला कळलेलं नाही. कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये कॉलेजांचे गट असतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. आधी आपल्या गटात लढायचं, गट जिंकायचा, मग देशाचं अजिंक्यपद. आमच्या ओहायोकडच्या गटाचं नाव बिग टेन, त्यात कॉलेजं अठरा! यतीनच्या जॉर्जियाकडची ती एसईसी. कुठला गट जिंकणं जास्त कठीण, यावर दोन पंचेचाळीस-पार पुरुष दर शनिवारी भांडतात. दोघं २००६ साली एकत्रच इथे कोलंबसला आले, एका अपार्टमेंटमध्ये, एका कुकरवर. तेव्हा दोघंही बिग टेनचेच. २०१३ मध्ये यतीनची नोकरी तिकडे गेली आणि वर्षभरात त्याचा गटही बदलला. तेव्हापासून तो ‘फुटीर’.

दुपारी यतीनच्या बायकोचा, ज्ञानदाचा फोन. मला वाटलं गणपतीचा असेल.

“शरयू, एकटी आहेस का?”

काल यतीनची नोकरी गेली. टीममधली अकरा माणसं गेली, त्यात हा. आणि व्हिसा नोकरीला बांधलेला. साठ दिवसांत दुसऱ्या कंपनीने कागद दाखल केले तर ठीक, नाहीतर देश सोडायचा. ग्रीन कार्डचा अर्ज २०१५ चा, तो अजून रांगेत. आमचा त्याच्या चार वर्षं आधीचा, म्हणून आम्ही सुटलो. त्यांच्या लेकीचं, शिवांगीचं, हायस्कूलचं शेवटचं वर्ष.

“कोणाला सांगू नकोस. श्रीरामला तर अजिबात नको. यतीनला ते सहनच होणार नाही.” मी गणपतीसमोर उभी होते, तिथेच शब्द दिला.

मोजलं. ५ नोव्हेंबर, मंगळवार.

बाहेर आले तर श्रीराम पुन्हा फोनवर. “तुमचं काय रे, गटातल्या आठ मॅच खेळायच्या आणि दमलो दमलो म्हणायचं. आम्ही नऊ खेळतो!” मला त्याच्या हातातला फोन काढून घ्यावासा वाटला. समोरच्या माणसाच्या पायाखाली काय उरलंय, याला पत्ता नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

आमच्या लायब्ररीत सकाळी दार उघडायच्या आधी तीन-चार पुरुष उभे असतात. आंघोळ केलेले, इस्त्रीचा शर्ट, पाठीवर लॅपटॉपची बॅग. दुपारी डबाही बाहेर बाकावर बसून खातात. वर्षभर मी त्यांना फक्त वायफायचा पासवर्ड सांगत आले. आज एकाला खिडकीजवळची जागा काढून दिली. यतीनही तिकडे असाच कुठे बसत असेल.

आन्याच्या दातांच्या अपॉइंटमेंटसाठी साडेदहाला श्रीरामला फोन केला. बिझी. अकराला, बिझी. सव्वाअकराला उचलला.

“कोणाशी बोलत होतास?”

“यतीनशी. शेड्यूलबद्दल जरा बोलत होतो.”

ऑफिसच्या वेळात! मंगळवारी! माझ्या तोंडावर आलं होतं, पण शब्द दिलाय.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज थालीपिठं लावता लावता सगळं ऐकावं लागलं.

“जिंकायला कठीण म्हणजे काय, आधी ते ठरव,” श्रीराम म्हणाला. “वरची दोन कॉलेजं किती भारी, की खालची दहा किती चिवट?”

“खालची. आमच्याकडे तेराव्या नंबरचा येऊन पहिल्या नंबरला पाडतो. एकही आठवडा झोप नाही.”

“मग गेल्या वर्षीची ट्रॉफी कुठे गेली?”

“तुमची कुठे? ती मिशिगनची!”

“मिशिगन आमच्याच गटात.”

“अरे, वर्षभर त्या कॉलेजचं नाव घरात काढू देत नाहीस, आणि वादात मात्र ट्रॉफी तुझी?”

हे मात्र खरं आहे. कोलंबसमध्ये त्या हाडवैऱ्याचं नाव घेतलं तर शेजारी बोलणं टाकतात. एवढ्यात श्रीराम म्हणाला, “आणि तुम्ही नोव्हेंबरात, मोसम ऐन भरात असताना, कुठल्या तरी चिमुकल्या कॉलेजला बोलावून साठ पॉइंटांनी हरवता. लाज नाही वाटत?”

यतीन हसला. मी पडद्यावर बघितलं. दाढी गुळगुळीत, टी-शर्टला इस्त्री. घरात टी-शर्टला इस्त्री कोण करतं? मागे ज्ञानदा कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “जरा हळू बोलत जा त्याच्याशी.”

“का?”

काय सांगणार? “वय झालं आता,” म्हटलं.

“कुणाचं?” म्हणाला आणि गाडी धुवायला गेला. गुरुवारीच धुतलेली गाडी.

१९ सप्टेंबर, गुरुवार

डबा सलग तिसऱ्या दिवशी भरलेला परत. भेंडीची भाजी, जशीच्या तशी. म्हणे, लंचला बाहेर गेलो होतो, ग्रेगबरोबर. ग्रेग दुसऱ्या डिपार्टमेंटचा डायरेक्टर. परवा दुसऱ्या कुणाबरोबर. अठरा वर्षांत हा माणूस ऑफिसच्या लोकांबरोबर स्वतःहून जेवायला गेला नाही, त्यांच्या गप्पा ऐकल्या की डोकं दुखतं म्हणायचा. आता प्रमोशनच्या मागे लागलाय असं दिसतं. लागू दे. पण निदान सकाळी सांगावं, मी सहाला उठून भेंडी चिरते.

ज्ञानदाला फोन केला. दोन ठिकाणी पहिली फेरी झाली, पुढे काहीच नाही. एका ठिकाणी व्हिसाचं ऐकून फोनच बंद केला. ती म्हणाली, “आठवडाभर तो माझ्याशी फक्त ‘हो’ आणि ‘बघू’ बोलतोय. शनिवारी तेवढा आवाज फुटतो.” मला श्रीरामचा इतका राग आला. एकच दिवस बिचारा बोलतो, आणि त्या दिवशी याच्याशी भांडावं लागतं.

२२ सप्टेंबर, रविवार

काल ग्रेग आणि त्याची बायको मॅच बघायला आमच्याकडे. मला शुक्रवारी सांगितलं! वीस बटाटेवडे केले. ग्रेगने आठ खाल्ले आणि प्रत्येक वेळी तोंड भाजून घेतलं. श्रीराम त्याच्या कानाशी लागून बसला होता. मी चटणी द्यायला गेले की गप्प. नवऱ्याला साहेबाच्या मागे मागे करताना बघणं काही सुखाचं नसतं. मी त्याला या रूपात कधी पाहिलं नव्हतं.

आन्याला म्हटलं, “बाबाला झालंय काय?”

ती म्हणाली, “मॉम, ही इज जस्ट बीइंग नाइस.” मग जरा थांबून, “व्हिच इज वीअर्ड.”

२८ सप्टेंबर, शनिवार

आज भांडण दोन तास दहा मिनिटं. विषय प्रवासाचा. आमचा गट आता न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत पसरलाय, पोरं तीन तासांचा टाइम झोन ओलांडून खेळायला जातात, म्हणून आमचा कठीण. यतीनचं म्हणणं, विमानात बसणं म्हणजे कष्ट असतील तर सगळ्या एअर होस्टेसना ट्रॉफी द्या. तिकडे सप्टेंबरात मैदानावर अंडं तळून निघतं, ते बोला.

फोन झाल्यावर श्रीराम प्रिंटरपाशी. पानांवर पानं. मी जवळ गेले तर उलटी करून ठेवली.

“काय छापतोयस एवढं?”

“शेड्यूल.”

चाळीस पानांचं शेड्यूल! शाई संपली. सोमवारी आन्याचा प्रोजेक्ट आहे.

ज्ञानदाने मेसेज केला होता. ‘३८ राहिले.’ बाकी काही नाही. मी तो वाचून पुसून टाकला. चोरी केल्यासारखं वाटलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

आता हद्द झाली. बेसमेंटमध्ये नवीन गादी आली. डबल. शिवाय एक टेबल, एक दिवा आणि कपडे टांगायचा रॅक. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणे, “मॅच बघताना आडवं पडायला.”

“आणि रॅक?”

“जॅकेटं.”

किती जॅकेटं घालून मॅच बघणार आहे हा? तिकडे एक माणूस घर आवरावं लागेल या भीतीने झोपत नाही आणि इकडे याला खेळ बघायला गादी हवी. दोघं एकाच कुकरमधलं जेवलेत, हे कधी कधी खरं वाटत नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.

मी आज फार मोठी चूक केली. अजूनही नीट कळत नाही की चूक काय होती, पण केली.

नेहमीसारखा कॉल. यतीनचं तोंड उतरलेलं, गालफडं बसलेली. चोवीस दिवस राहिलेत. श्रीराम मात्र जोरात. “बोल ना. आठवडाभर काय केलंस, मुद्दे नाही जमवलेस? एवढ्यात दमलास?” दमलास म्हणाला! मी श्रीखंडाचं पातेलं खाली ठेवलं आणि फोन उचलला.

“पुरे. यतीन, तुमचंच बरोबर आहे. तुमचीच कॉन्फरन्स कठीण. अगदी पहिल्यापासून. श्रीराम हरला, मी सांगते.”

टीव्हीवर लोक ओरडत होते तेवढेच.

यतीनने माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाला, “वहिनी, ज्ञानदाने सांगितलं का तुम्हाला?”

मला खोटं बोलता येत नाही. चेहराच बोलतो.

“थँक यू हं, वहिनी,” यतीन म्हणाला. सभ्यपणे, बँकेतल्या माणसाला म्हणावं तसं. अठरा वर्षांत तो मला कधी थँक यू म्हणालेला नाही. माझ्या हातची आमटी ओरपून “मीठ कमी आहे” म्हणणारा माणूस. कॉल बंद झाला.

श्रीराम माझ्याकडे बघत होता. “तुला कधीपासून माहितीय?”

“गणपतीपासून.” मग माझ्या डोक्यात शिरलं. “म्हणजे तुलाही?”

“आदल्या दिवशी. पार्किंगमधूनच फोन केला होता त्याने. ऑफिसातल्या सामानाचा बॉक्स गाडीत ठेवून.”

पाच आठवडे! एका पलंगावर झोपतोय, एका पातेल्यातलं खातोय, आणि दोघांच्या पोटात तेच. मला हसू यायला हवं होतं, पण मी एवढी चिडले की श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवलं आणि पुऱ्या तळल्याच नाहीत. आन्या म्हणाली, “व्हॉट हॅपन्ड टू दसरा?”

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी बोललो. म्हणजे मी बोलले. ग्रेग, लंच, चाळीस पानं, सगळं विचारलं. पानं म्हणजे यतीनचा रेझ्युमे, सात प्रकारे लिहिलेला. ग्रेगकडे एक जागा आहे. त्या मंगळवारी साडेदहाला दोघं इंटरव्ह्यूची तयारी करत होते. गादीबद्दल विचारलं नाही, तेवढी अक्कल आली.

“मला का नाही सांगितलंस?”

“तो म्हणाला, वहिनींना नको. त्या लगेच मऊ बोलायला लागतील.”

“मग त्यात वाईट काय आहे?”

श्रीरामने चहाचा कप बाजूला सारला. “सगळेच त्याच्याशी मऊ बोलतायत, शरयू. वकील, रिक्रूटर, बायको, मुलगीसुद्धा. आठवड्यातून दोन तास तरी कोणीतरी त्याच्याशी धड भांडत होतं.”

मला हे पटलेलं नाही. दुखणाईत माणसाला कोणी चिमटे काढून बरं करतं का? पण त्याचे डोळे लाल होते, म्हणून मी वाद घातला नाही.

ज्ञानदाचा फोन आला नाही. मी केला, तिने उचलला नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

बारा वाजले. साडेबारा. कॉल नाही. श्रीरामने केला तर शिवांगीने उचलला. “बाबा इज रेस्टिंग, काका.” दुपारी साडेबाराला!

घरात एवढी शांतता होती की डिशवॉशरचं पाणी भरताना ऐकू येत होतं. किती वर्षं मला हेच हवं होतं. श्रीरामने टीव्ही आवाज बंद करून बघितला, आणि मग बंदच केला.

ग्रेगने यतीनच्या तीन फेऱ्या घेतल्यात. चौथी काल झाली. ग्रेग म्हणाला, कळवतो.

मी चिवड्याचे पोहे भाजून ठेवले. दिवाळीचा फराळ यंदा लवकर पाठवावा. काय लिहायचं सोबत, ते सुचेना. काहीच न लिहिता पाठवीन.

२१ ऑक्टोबर, सोमवार

ऑफर आली!

श्रीरामने लायब्ररीत फोन केला, मी काउंटरवर होते. “घेतलं त्याला,” एवढंच म्हणाला. मी रडायला लागले तर समोर दंड भरायला आलेल्या बाई म्हणाल्या, त्यांना दंड माफ केला तरी चालेल, पण केला नाही तरी त्या समजून घेतील.

पण अजून कागद. आधी मजूर खात्याची मंजुरी, त्याला आठवडा-दहा दिवस, मग व्हिसाचा अर्ज. वकील म्हणतो होईल. वकील ‘होईल’ म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज कसा असतो, ते आता मलाही कळायला लागलंय.

यतीनने श्रीरामला मेसेज केला. मी वाचला. ‘तुझे उपकार कसे फेडू.’ श्रीरामने त्याला उत्तर दिलं नाही. फोन उलटा ठेवून दिला.

संध्याकाळी ज्ञानदाने उचलला. दोघी एकदमच बोलायला लागलो. “तुझ्यावर रागावले नव्हते गं,” ती म्हणाली. “त्याला वाटलं, आता शनिवारी तुम्ही दोघं त्याला मुद्दाम जिंकवणार.”

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. मंजुरी काल रात्री आली. आज दुपारी अडीचला अर्ज कुरिअरने निघाला. शनिवार-रविवार मध्ये. सोमवारी तिथे पोचला पाहिजे. मंगळवार शेवटचा.

पूजा मांडली. श्रीराम दर अर्ध्या तासाने पाकिटाचा नंबर टाकून ते कुठे आहे बघत होता. पाकीट केंटकीत. मी म्हटलं, “नमस्कार तरी नीट कर.” त्याने फोन खिशात ठेवला, हात जोडले, आणि डोळे मिटून पुटपुटला ते मला ऐकू आलं. “लेट नको होऊ दे.”

४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी १०.१२ ला पोचलं. सही झाली. एक दिवस राखून.

१० नोव्हेंबर, रविवार

यतीन गुरुवारी आला. दहा तास एकटा गाडी चालवत, मागच्या सीटवर दोन बॅगा आणि कुकर. ज्ञानदा आणि शिवांगी मेपर्यंत तिकडेच, शाळा संपेपर्यंत. तोपर्यंत तो आमच्या बेसमेंटमध्ये.

मला वाटलं होतं घर दणाणून जाईल. तर हा पाहुण्यासारखा. सोफ्याच्या कडेवर बसतो, पाठ टेकत नाही. जेवण झालं की माझ्या आधी उठून ताट घासतो. आंघोळीला जायच्या आधी “तुम्हाला बाथरूम लागणार आहे का?” असं आन्याला विचारतो. तिला अहो! आमटीला म्हणाला, “वहिनी, एकदम मस्त.” त्या आमटीत मी मीठ घालायला विसरले होते, ते नंतर श्रीरामने सांगितलं.

काल शनिवार. दोघं मॅच बघायला बसले. मी कान देऊन होते. काही नाही. मध्येच श्रीराम म्हणाला, “बघ, ही आमची खालून तिसरी टीम. आहे का तुमच्याकडे असा चिवटपणा?”

“नाही रे. बरोबर आहे तुझं.”

श्रीराम वर पाणी प्यायला आला. ग्लास भरला आणि तसाच ठेवला.

“असं काय बोलतोय तो?” मला विचारत होता, जसं काही मी त्याला शिकवून ठेवलंय.

“चांगलं बोलतोय. तूच तर जिंकलास.”

“असं कोण जिंकतं?” म्हणाला.

आता याचं काय करायचं? भांडला तरी त्रास, नाही भांडला तरी त्रास. रोज ज्ञानदा विचारते, “कसा आहे?” मी म्हणते, “बरा आहे. शांत आहे.” ती म्हणते, “हं.”

१३ नोव्हेंबर, बुधवार

यतीनने भाड्याचं पाकीट श्रीरामच्या टेबलावर ठेवलं. श्रीरामने ते त्याच्या बुटात नेऊन ठेवलं. आज सकाळी ते पुन्हा टेबलावर. दोघं याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. ऑफिसला एकाच गाडीतून जातात. आन्या म्हणते, दोघं गाडीत बातम्या ऐकतात. बातम्या!

१६ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी चहा घेऊन खाली गेले. यतीन ताडकन उठला, “वहिनी, द्या इकडे,” म्हणून ट्रे घेतला. श्रीरामच्या कपाळावरची शीर दिसायला लागली.

“बस खाली,” श्रीराम म्हणाला. “आणि खरं सांग. कठीण कुठली?”

“तुमचीच. अठरा कॉलेजं, नऊ मॅच, तीन टाइम झोन...” सगळे मुद्दे श्रीरामचेच, एकामागून एक, इंटरव्ह्यूत पाठ केल्यासारखे. आणि आवाजात काहीच नाही.

श्रीराम टीव्हीकडे बघत राहिला. आपली टीम हरल्यावरही त्याचं तोंड असं होत नाही.

मला काय झालं कुणास ठाऊक. दहा आठवड्यांचा सगळा वैताग वर आला. या विषयापायी माझा गणपती गेला, दसरा गेला, भेंडी वाया गेली, आणि आता हा सरळ खोटं बोलतोय.

“यतीन, हे बघा,” मी म्हटलं, “मोसमभर मी तुमचं ऐकून घेतलंय, ते असं नाही चालणार. तुमच्या गटात एकही आठवडा झोप नसते, म्हणाला होतात ना? तेराव्या नंबरचा पहिल्याला पाडतो? मैदानावर अंडं तळून निघतं? विमानात बसण्याला कष्ट म्हणायचं तर एअर होस्टेसना ट्रॉफी द्या, हे कोण म्हणालं होतं? ती काय भारी भारी कॉलेजं आहेत तुमच्याकडे, अलाबामा, टेक्सस, टेनेसी, नेब्रास्का...”

“नेब्रास्का?” यतीन म्हणाला.

“हो, नेब्रास्का. का?”

“वहिनी, नेब्रास्का यांच्याकडे!”

“असेल. काय फरक पडतो?”

“काय फरक पडतो!” त्याने कप खाली ठेवला. “अहो, फुकट दिलं तरी नको आम्हाला नेब्रास्का!”

“ए, नेब्रास्काला नाव नाही ठेवायचं,” श्रीराम एकदम सरळ बसला. “हिस्टरी माहितीय का त्यांची?”

“हिस्टरीच माहितीय! हिस्टरीशिवाय आहे काय तुमच्याकडे? सगळा गट म्युझियम आहे नुसता!”

“आणि तुमचा? गुरांचा बाजार! पुढच्या वर्षी कोण कुठे जाईल पत्ता नाही!”

“गट बदलण्याबद्दल तू बोलू नकोस, अठरा कॉलेजं गोळा केलीत कुठून कुठून...”

“फुटीर!”

“म्हाताऱ्या!”

मला खरंच वाटलं होतं नेब्रास्का तिकडे आहे. वर आले. आन्या जिन्यावर उभी होती, कानांतले हेडफोन काढून. “आर दे ओके?”

“नाही,” मी म्हटलं. “आता सहापर्यंत संपत नाही हे.”

कुकर लावायला घेतला तोच ज्ञानदाचा फोन.

“कसा आहे?”

रोजचं उत्तर तोंडावर आलं होतं. ते न देता मी बेसमेंटच्या दारात गेले आणि फोन जिन्यात खाली धरला. खालून यतीनचा आवाज येत होता, “आठ मॅच, आठ, पण कोणाशी ते बघ ना रे गाढवा!” आणि त्यावर श्रीराम, आणि दोघं एकदम.

मी हात अवघडेपर्यंत फोन धरून ठेवला. मग कानाला लावला. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“शरयू,” ती म्हणाली, “त्याला म्हणावं, जरा हळू. तुमचे शेजारी पोलीस बोलावतील.”

“तूच सांग.”

“नको,” ती म्हणाली. “धर अजून थोडा वेळ.”